जाहिरातीविना मालिका: एचबीओची घडण आणि कोकणच्या पावसात ती पाहण्याची तजवीज

मराठी वाहिनीवरची रोजची मालिका पाहताना पावसाने दहा मिनिटं चित्र गेलं, तरी कुणाचं काही अडत नाही. ब्रेक संपल्यावर तोच प्रसंग जरा मागून सुरू होतो, दुसऱ्या दिवशी ‘मागील भागात’ म्हणून पुन्हा दिसतो, आणि एका पात्राला कळलेली बातमी पुढचे तीन दिवस घरातल्या बाकीच्यांना कळत राहते. लेखक कच्चे असतात म्हणून हे होत नाही. अर्ध्या तासाच्या जागेत वीस-बावीस मिनिटांची गोष्ट, आठवड्याला सहा भाग आणि मध्ये जाहिराती, या मापात लिहायचं तर उजळणी ठेवावीच लागते. प्रेक्षक मध्येच उठणार, कुकर उतरवणार आणि परत येऊन बसणार, हे धरूनच लिखाण होतं.

एचबीओ या अमेरिकेतल्या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीच्या मालिकांत ही सोय नाही. तिथे पहिल्या भागात कुणीतरी जाता जाता उच्चारलेलं नाव पाचव्या भागात उपयोगी पडतं, आणि मधल्या काळात त्याची आठवण कुणी करून देत नाही. दहा मिनिटं हुकली की हुकली. म्हणून श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, जिथे जून लागला की वीज, वायर आणि डिश तिन्हींचा भरवसा संपतो, तिथे या मालिका पाहणाऱ्याला दोन गोष्टी नीट माहीत असलेल्या बऱ्या: त्या अशा सलग का लिहिल्या जातात, आणि आपल्या घरात त्या सलग पोचाव्यात म्हणून काय करायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पैसे कुणाकडून येतात यात आहे, म्हणून आधी तेच.

१९६०च्या दशकात चार्ल्स डोलन यांनी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात केबल टाकायला घेतली. उंच इमारतींमुळे तिथे छतावरच्या अँटेनाला चित्र धड येत नसे. रस्त्याखालून केबल नेण्याचा खर्च मात्र प्रचंड होता आणि नुसतं स्वच्छ चित्र विकून तो भागत नव्हता. तेव्हा डोलन यांनी टाइम कंपनीपुढे एक योजना मांडली: चित्रपट आणि खेळ दाखवायचे, जाहिरात एकही नाही, आणि त्यासाठी केबलच्या भाड्यावर महिन्याची वेगळी वर्गणी घ्यायची. ही सेवा ८ नोव्हेंबर १९७२ ला सुरू झाली, तीही न्यूयॉर्कमध्ये नाही, तर पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या गावात. ग्राहक ३६५. पहिला कार्यक्रम होता न्यूयॉर्क रेंजर्स आणि व्हँकूव्हर कॅनक्स यांच्यातला आइस हॉकीचा सामना, आणि त्यामागून एक चित्रपट.

सुरुवातीची अडचण दोन तऱ्हेची होती. एक म्हणजे प्रक्षेपण जमिनीवरच्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांवरून जायचं, त्यामुळे अमेरिकेचा ईशान्य कोपरा सोडून पुढे सरकता येत नव्हतं. तेव्हाचे एचबीओचे प्रमुख जेराल्ड लेव्हिन यांनी उपग्रहावर डाव लावला. ३० सप्टेंबर १९७५ च्या रात्री मनिलाजवळ झालेली अली आणि फ्रेझर यांची बॉक्सिंगची तिसरी लढत एचबीओने उपग्रहावरून फ्लॉरिडा आणि मिसिसिपीतल्या केबल केंद्रांपर्यंत पोचवली, आणि तिथून पुढे रोजचं प्रक्षेपणही उपग्रहावरूनच सुरू झालं. त्या वेळी केबलवाल्याला जी डिश उभारावी लागे तिचा व्यास १० मीटरच्या आसपास असे. आज आपल्या कौलांवर दिसते ती ६० ते ६५ सेंटिमीटरची. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, तिथल्या अपील न्यायालयाने पैसे घेणाऱ्या वाहिनीने कोणते चित्रपट आणि खेळ दाखवावेत यावरची सरकारी बंधनं रद्द केली आणि वाट मोकळी झाली.

दुसरी अडचण आजतागायत सुटलेली नाही. वर्गणीदार दर महिन्याला सोडून जाऊ शकतो. जाहिरातीवरची वाहिनी आज रात्री किती जणांनी पाहिलं ते मोजते. वर्गणीवरची वाहिनी महिनाअखेर किती घरं टिकली ते मोजते. दोन्ही हिशेब वेगळे, म्हणून दोन्हीकडचा माल वेगळा. पहिलीला प्रत्येक कार्यक्रम सगळ्यांना थोडा थोडा आवडावा लागतो. दुसरीला प्रत्येक घरात निदान एक कार्यक्रम असा लागतो की त्याच्यासाठी त्या घराने वर्गणी चालू ठेवावी. बॉक्सिंगचा शौकीन मालिका पाहत नसेल, मालिकावाला बॉक्सिंग पाहत नसेल. दोघांचे पैसे सारखेच. एचबीओने १९७३ पासून २०१८ पर्यंत बॉक्सिंग सोडलं नाही ते यामुळे.

वर्गणी घ्यायची तर फुकट्यांना अडवणंही आलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत शेतकऱ्यांच्या अंगणात मोठ्या डिश होत्या आणि त्यांना एचबीओ फुकट दिसे. जानेवारी १९८६ मध्ये एचबीओने पूर्ण वेळ सिग्नल कुलूपबंद केला. त्याच वर्षी २७ एप्रिलला फ्लॉरिडातल्या ओकाला इथल्या एका उपग्रह केंद्रातल्या अभियंत्याने स्वतःच्या केंद्रातून जास्त ताकदीचा सिग्नल वर पाठवून एचबीओचं चित्र दाबून टाकलं, आणि सुमारे साडेचार मिनिटं पडद्यावर महिना १२.९५ डॉलरच्या दराचा निषेध झळकत राहिला. उपग्रहाला जो सिग्नल जोरात मिळतो तो उपग्रह खाली पाठवतो, तेवढंच तंत्र यामागे होतं. आपल्या सेटटॉप बॉक्समधलं व्ह्यूइंग कार्ड आणि रिचार्ज संपला की येणारी पाटी याच कुलपाच्या वंशातली.

चित्रपटांवर वाहिनी कायमची चालली नसती. १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायला लागल्या आणि एचबीओच्या आधी चित्रपट दुकानात दिसू लागला. दुसरीकडे कुठेच मिळणार नाही असं काहीतरी स्वतः करणं, एवढाच मार्ग उरला. आधी स्वतःचे चित्रपट, मग विनोदी मालिका, आणि १२ जुलै १९९७ ला ‘ओझ’, तुरुंगातली गोष्ट सांगणारी एचबीओची पहिली तासाभराची नाट्यमालिका. १० जानेवारी १९९९ ला ‘द सोप्रानोज’ आली आणि टीव्हीवरचं नाटक बदललं.

काय बदललं ते मापात पाहू. अमेरिकेतल्या जाहिरातीच्या वाहिनीवर तासाच्या जागेत ४२ ते ४४ मिनिटांची गोष्ट असायची. ती चार-पाच अंकांत तोडलेली, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी काहीतरी धक्का, कारण ब्रेकमध्ये प्रेक्षक पळता कामा नये. वर्षाला २२ ते २४ भाग. एचबीओने तोच तास ५० ते ६० मिनिटांचा केला, भाग १० ते १३ वर आणले आणि अंक काढून टाकले. धक्क्याची सक्ती गेली, तसा प्रसंग हवा तेवढा लांबू लागला आणि हवा तिथे थांबू लागला. सिंधुदुर्गातल्या वाचकाला हे पटकन समजेल. दशावतारी कंपनीला जत्रेसाठी बोलावलं की देवस्थान किंवा यजमान अख्ख्या नाटकाची बिदागी ठरवतो. मग आख्यान किती वेळ चालवायचं, युद्ध किती रंगवायचं आणि राक्षसाला केव्हा आणायचा हे कंपनी आणि कथा ठरवतात, मध्ये कुणाला काही विकायचं नसतं.

एक भाग जवळून पाहण्यासारखा आहे. ‘सोप्रानोज’चा पाचवा भाग, ७ फेब्रुवारी १९९९ चा. टोनी सोप्रानो हा माफियातला माणूस मुलीला कॉलेजं दाखवायला मेन राज्यात घेऊन जातो. गाडीत मुलगी त्याला सरळ विचारते की तुम्ही माफियात आहात का. तो आधी नाकारतो, मग अर्धवट कबूल करतो. वाटेत त्याला जुना फितूर दिसतो. एका कॉलेजपाशी मुलीला सोडून तो त्याला गाठतो आणि स्वतःच्या हाताने गळा आवळून मारतो, कॅमेरा नजर वळवत नाही. मग मुलीला घेऊन पुढच्या कॉलेजला. एचबीओचे ख्रिस अल्ब्रेख्ट यांना ही हत्या नको होती. मालिका नुकती सुरू झाली आहे, नायकाबद्दलची सहानुभूती इथेच संपेल, ही त्यांची भीती. लेखक डेव्हिड चेस यांचं म्हणणं उलट होतं: असा माणूस फितुराला सोडून देईल तर तोच खोटा ठरेल. चेस यांचं चाललं. या भागाला पटकथेचा एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीवरचा मोठा, पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्या काळातल्या साबणाच्या किंवा मोटारीच्या जाहिरातदाराने हा भाग स्वीकारला नसता, आणि तो नाकारला गेला असता तर मालिकेचे पुढचे ८१ भाग वेगळे झाले असते. एकूण भाग ८६, हंगाम ६, शेवट १० जून २००७ ला.

‘द वायर’ ही माझी सगळ्यात आवडती मालिका, आणि कोकणातल्या माणसाने तर पाहावीच. ती रचणारे दोघे: डेव्हिड सायमन हे बाल्टिमोर शहराचे वार्ताहर, एड बर्न्स हे तिथले पोलीस आणि नंतर शिक्षक. २ जून २००२ ते ९ मार्च २००८, पाच हंगाम, ६० भाग. प्रत्येक हंगाम शहराचं एक अंग उघडतो: अमली पदार्थांचा धंदा, बंदर, महापालिकेचं राजकारण, शाळा, वर्तमानपत्र. दुसऱ्या हंगामात गोदीतल्या हमालांच्या युनियनचा खजिनदार फ्रँक सोबोत्का आहे. जहाजं कमी झालीत, पोरांना पुरेसे कामाचे दिवस मिळत नाहीत. त्याला हवं काय, तर कालव्यातला गाळ उपसला जावा आणि धान्याचा धक्का परत चालू व्हावा, म्हणजे मोठी जहाजं येतील. त्यासाठी राजकारण्यांना द्यायला पैसे लागतात आणि ते पैसे तस्करीतून येतात. राजापूरसारखं बंदर गाळाने कसं मागे पडलं हे ज्यांना ठाऊक आहे, किंवा ज्यांची होडी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी रुतते, त्यांना या माणसाची तगमग वेगळी समजावून सांगायला नको. बाहेरच्या प्रेक्षकाला हा हंगाम संथ वाटतो. मला तो पाचही हंगामांतला सगळ्यात दुखरा वाटतो.

‘द वायर’ला एकही एमी मिळाला नाही आणि तिचे प्रेक्षक कधी फार नव्हते. जाहिरातीच्या वाहिनीवर ती पहिल्या हंगामातच बंद झाली असती. पण वर्गणीचा हिशेब नेहमी उदार असतो असं समजू नये. ‘डेडवुड’ ३६ भागांत थांबवली गेली. ‘रोम’ रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत सेट उभारून केलेली, बीबीसीच्या भागीदारीत. खर्च पेलेना, २२ भागांत आटोपली. खर्चाला तोंड देणारी मालिका पुढे १७ एप्रिल २०११ ला आली: ‘गेम ऑफ थ्रोन्स’, ७३ भाग. पहिले सहा हंगाम दहा-दहा भागांचे, सातवा सात आणि आठवा सहा भागांचा. शेवटी भाग कमी आणि लांबी जास्त झाली, कारण एकेका लढाईला महिने लागत होते. १९ मे २०१९ चा शेवटचा भाग पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेट धरून अमेरिकेत त्या रात्री १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला.

आता भारत. इथे एचबीओ २००० साली आलं, पण ते खरं एचबीओ नव्हतं: जाहिराती असलेली इंग्रजी चित्रपटांची वाहिनी, केबलवाल्याच्या गठ्ठ्यातली. म्हणून आपल्याकडे अनेकांच्या मनात एचबीओ म्हणजे दुपारी लागणारे हॉलिवूडपट एवढंच राहिलं. २०१३ मध्ये एचबीओ डिफाइन्ड आणि एचबीओ हिट्स या दोन जाहिरातीविना वाहिन्या डीटीएचवर वेगळ्या पैशांनी आल्या. त्याच वर्षी स्टार वर्ल्ड प्रीमियर एचडी आली, अमेरिकेतल्या मालिका लगोलग दाखवणारी. एचबीओच्या त्या दोन वाहिन्या २०१५ संपता संपता बंद झाल्या. कोकणातल्या गावांना त्यांचा लाभ फारसा झाला नाही. ग्रामीण भागातली केबल डिजिटल होण्याची शेवटची मुदतच ३१ मार्च २०१७ होती, आणि डिजिटल बॉक्सशिवाय केबलवर एका घराला वेगळी वाहिनी चालू-बंद करता येत नाही. टीव्हीवर या मालिकांना सरकारी कार्यक्रम संहितेमुळे कात्रीही लागायची. एप्रिल २०१६ मध्ये हॉटस्टारने महिना १९९ रुपयांची योजना काढली आणि एचबीओचा साठा तिथे आला. टीव्हीवरची एचबीओ वाहिनी १५ डिसेंबर २०२० ला भारतात कायमची बंद झाली. हॉटस्टारचा करार ३१ मार्च २०२३ ला संपला, मे महिन्यात साठा जिओसिनेमावर गेला, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही एक होऊन जिओहॉटस्टार झालं. करार बदलला की पत्ता बदलतो, म्हणून एखादी मालिका पाहायची म्हणून वर्षाची वर्गणी भरण्याआधी ती तिथे आहे का ते शोधून पाहावं.

म्हणजे आज या मालिका डिशवरून येत नाहीत, इंटरनेटवरून येतात. तरी डिशचं थोडं सांगतो, कारण बाकीच्या वाहिन्या त्यावरच आहेत आणि चित्र का जातं हे अनेकांना चुकीचं सांगितलं जातं. रत्नागिरीहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह (टाटा प्लेचा) क्षितिजापासून ६७ अंश उंच, आग्नेयेकडून दक्षिणेला झुकलेला दिसतो, ९५ अंशांवरचा (डिश टीव्हीचा) ५८ अंश, १०८.२ अंशांवरचा (एअरटेलचा) साधारण ४५ अंश आणि बराच पूर्वेकडे. उपग्रह जितका खाली तितका सिग्नल पावसातून तिरका येतो. ६७ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवर पावसातली वाट जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढते, आणि डिशकडे येणाऱ्या या लहरींची (केयू बँडच्या) लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे जाड थेंब त्यांना शोषून घेतात. झाडांचंही तसंच. १८ मीटर उंच माड डिशपासून आठ मीटरच्या आत असेल तरच ६७ अंशांच्या वाटेत येतो; ४५ अंशांच्या वाटेत तो १७-१८ मीटरवरूनही येतो. बागेतल्या घराने कंपनी निवडताना दरपत्रकाआधी पूर्वेकडचे माड पाहावेत.

डिश बसवताना चिऱ्याच्या भिंतीत साधा अँकर बोल्ट ठोकू नका. जांभा सच्छिद्र असतो, वाऱ्याने डिश हलत राहिली की भोक मोठं होतं आणि जुलैत डिश दोन अंश फिरते, चित्र जायला तेवढं पुरतं. काँक्रीटच्या स्लॅबवर किंवा लिंटेलवर बसवा, नाहीतर भिंतीतून आरपार बोल्ट टाकून आतून जाड पट्टी द्या. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत साधे एका पावसात गंजून धरतात. एलएनबीखाली (डिशच्या तोंडासमोरची सिग्नल पकडणारी डबी) केबलचा एक लोंबता वळसा ठेवा म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली गळेल, आणि कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी चित्र नसेल तर दोष ढगाचा नाही, बहुतेक वेळा त्या कनेक्टरमधल्या हिरव्या पडलेल्या तांब्याचा असतो.

इंटरनेटवर बिघाडाची तऱ्हाच वेगळी. डिशवर चित्र असतं किंवा नसतं. स्ट्रीमिंगमध्ये भाग काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार असतो, आणि लाइन मंदावली की यंत्रणा मुकाट्याने हलका तुकडा उचलते. गोष्ट चालू राहते, पण चित्र गढूळ होतं. याचा सगळ्यात जास्त फटका अंधाराला बसतो. कारण हलक्या तुकड्यात जागा वाचवताना जवळजवळ सारख्या असलेल्या गडद छटा एकत्र केल्या जातात. काळोखातला माणूस, भिंत आणि आकाश यांचे चौकोनी डाग होतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा २८ एप्रिल २०१९ चा ८२ मिनिटांचा रात्रीच्या लढाईचा भाग, ज्याचं चित्रीकरण ५५ रात्री चाललं, जगभर लोकांना ‘काही दिसलंच नाही’ असा वाटला, त्यामागे मुद्दाम ठेवलेला काळोख आणि हे आकुंचन दोन्ही होते. असे भाग चांगल्या लाइनवर किंवा आधी डाउनलोड करूनच पाहावेत. टीव्हीचा पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा, इको मोड आणि मोशन स्मूदिंग बंद करा, आणि खोलीतली ट्यूब विझवून टीव्हीच्या मागे एखादा मंद पिवळा दिवा लावा.

लाइन किती हवी? एचडीला स्थिर ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ ते २५. महत्त्वाचा शब्द स्थिर. एचडीचा तासाभराचा भाग साधारण दोन ते तीन जीबी खातो. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तो पुरा होणार नाही आणि ऐन शेवटी वेग गळतो. पॅकवरच भागवायचं तर ४८०पी निवडा, अर्धा ते पाऊण जीबीत काम होतं, आणि फोनच्या पडद्यावर ते चांगलं दिसतं.

फायबर इंटरनेट असेल तर घरातल्या मोडेमच्या पेटीवरचे दिवे वाचायला शिका. ‘एलओएस’ लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही: झावळ पडून वायर तुटली, किंवा उंदराने कुरतडली, किंवा कपाटामागे पिवळी पॅचकॉर्ड घडी पडून मोडली. काच ती, तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये. ‘पॉन’ हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर दोष बहुतेक घराबाहेरच्या यंत्रणेत. घरात वायरी उपसत बसू नका. ‘पॉन’ लागतो-जातो असं होत असेल तर तंत्रज्ञाला पेटीतली प्रकाशपातळी विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या खाली गेली की पावसात लाइन पडणारच, सांधा पुन्हा मारून घ्यावा लागतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर किनाऱ्यावरच्या अनेक वायरी घाईत जोडल्या गेल्या. जिथे खांबावर सांध्याची डबी उघडी लोंबते तिथे हा रोग कायमचा.

वीज जाते तेव्हा टीव्हीपेक्षा आधी पेटी वाचवायला हवी, कारण ती बंद होऊन परत चालू व्हायला दोन-चार मिनिटं घेते. तिला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. पेटी ८-१० वॅट खाते, ८८०० एमएएचचा यूपीएस सुमारे तीन तास चालवतो. विकत घेताना पेटीच्या अॅडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा पाहा; पेटी दीड अँपिअर मागते आणि यूपीएस एकच देतो, असं झालं की ती दर काही मिनिटांनी स्वतःहून बंद-चालू होत राहते आणि लोक नेटवाल्याला फोन करत बसतात. विजा कडाडायला लागल्या की प्लग उपटून ठेवा: फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण अॅडॅप्टरची तार आणते. आणि चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जात नाही. माजघरातल्या टीव्हीसाठी ओटीवरच्या राउटरपासून नेटची कॅट-सिक्स केबल ओढा, नाही जमलं तर २.४ गिगाहर्ट्झवर जोडा.

वेळेचं गणितही ध्यानात ठेवा. एचबीओच्या मोठ्या मालिका रविवारी रात्री ९ ला अमेरिकेत लागतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत ती आपली सोमवारची सकाळ ६.३०, आणि हिवाळ्यात ७.३०. करार एकाच वेळी दाखवण्याचा असला की भाग इथेही त्याच सुमारास येतो. सकाळी गावातली लाइन मोकळी असते, तेव्हाच डाउनलोड टाकावा. डाउनलोडला मुदत असते आणि एकदा सुरू केलेला भाग ठरावीक तासांत संपवावा लागतो, म्हणून दहा भाग साठवून गणपतीपर्यंत ठेवले तर उघडणार नाहीत. घरात मुलं आणि आजी-आजोबा एकाच खोलीत बसत असतील तर प्रोफाइलला पिन लावा. यातल्या बहुतेक मालिका ‘ए’ वर्गातल्या आहेत, हिंसा आणि नग्नता दोन्ही उघड आहेत.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी ‘चेर्नोबिल’ सांगतो: २०१९ ची, पाचच भाग, एका शनिवार-रविवारी होते आणि ही माणसं किती शिस्तीने गोष्ट सांगतात ते कळतं. मग ‘सक्सेशन’, चार हंगाम, ३९ भाग, एका बापाच्या मालमत्तेवरून भांडणारी भावंडं. आपल्याकडे सातबाऱ्यावरून जी भांडणं होतात ती पाहिलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक टोमणा कळतो. ‘द वायर’ पावसाळ्यासाठी ठेवा. इंग्रजी सबटायटल लावा, बाल्टिमोरची बोली अमेरिकनांनाही जड जाते. पहिले चार भाग पात्रं ओळखण्यातच जातात, तिथे सोडू नका. रोज दोन भाग धरले तर ६० भाग ३० दिवसांत, म्हणजे एका महिन्याच्या वर्गणीत बसतात. वीज जाणार हे धरून पुढचे चार भाग नेहमी उतरवलेले असू द्या.